तिरुवन्नामलैचे महर्षी आणि आमच्या गावातला गुरुवार

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या गावात सामुदायिक प्रार्थना संपली की काही माणसं लगेच घराकडे वळत नाहीत. प्रार्थना मंदिराच्या ओट्यावर बसून राहतात आणि मी काहीतरी वाचून दाखवतो. ग्रामगीता आमच्याकडे घरोघरी आहे, कित्येकांना तिच्या ओव्या पाठ आहेत, म्हणून अधूनमधून दुसरं काही वाचायचं ठरलं. मृगापासून तमिळनाडूतल्या तिरुवन्नामलैच्या रमण महर्षींचं चरित्र चालू आहे. पहिल्याच बैठकीत आमच्या एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, “सारं बराबर हाय भाऊ, पण या महाराजानं चमत्कार कोन्ता केला?”

प्रश्न रास्त होता. आमचा मुलूख संतांचा. शेगावी १८७८ साली गजानन महाराज प्रकटले. सोनाराने विस्तव नाकारला तरी त्यांची चिलीम पेटली, अकोलीच्या कोरड्या विहिरीला पाणी लागलं, हे पोथीतून ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. ज्यांचं सारं आयुष्य आभाळाकडे पाहण्यात जातं, त्यांना विहीर भरणारा संत आपला वाटणारच. त्या श्रद्धेपुढे मी हात जोडतो. रमण महर्षींच्या चरित्रात मात्र सांगण्याजोगी अशी विहीर नाही. उलट १९४८ च्या अखेरीस त्यांच्या डाव्या कोपराजवळ एक गाठ आली. कापली तर पुन्हा आली. कर्करोग निघाला. वर्षभरात चार शस्त्रक्रिया झाल्या, रेडियमचा उपचार झाला, आणि १४ एप्रिल १९५० ला रात्री ८ वाजून ४७ मिनिटांनी त्यांनी देह ठेवला. तोवर रोज माणसं दर्शनाला येत होती आणि ते त्यांना भेटत होते.

हे वाचून झाल्यावर काका थोडं थांबून म्हणाले, “म्हंजे त्याचं आपल्यासारखंच झालं.”

मी गुरुवारसाठी हेच चरित्र का निवडलं, ते काकांनी एका वाक्यात सांगून टाकलं. दुखणं टळलं नाही, देह वाचला नाही, आणि तरी ज्या माणसाजवळ बसलं की लोकांचं मन निवत होतं, असा माणूस आम्हाला हवा आहे. आमच्या गावात दुःख टाळता येण्यासारखी स्थिती फार थोड्यांची आहे.

महर्षींचं मूळ नाव वेंकटरामन. तमिळ मुलखातल्या तिरुचुळी गावात ३० डिसेंबर १८७९ ला त्यांचा जन्म झाला. वडील सुंदरम अय्यर गावात वकिली करायचे. १८९२ साली ते गेले, घर विखुरलं आणि मुलगा मदुराईला काकांकडे आला. पोरगा अभ्यासात बेताचा, खेळात पुढे. झोप अशी गाढ की सोबतची पोरं त्याला झोपेतच उचलून न्यायची, बदडून काढायची आणि परत आणून टाकायची; सकाळी ह्याला काही पत्ता नसायचा.

जुलै १८९६. सोळा वर्षांचा वेंकटरामन काकांच्या घरी माडीवरच्या खोलीत एकटा बसलेला. अंगात ताप नाही, दुखणं नाही. एकाएकी मरणाची भीती अशी दाटून आली की आपण आता मरणार याबद्दल त्याला शंकाच उरली नाही. अशा वेळी कोणीही काय करेल? हाक मारेल, पाणी मागेल, घरभर धावाधाव करवेल. हा मुलगा आडवा झाला. हातपाय ताठ केले, ओठ मिटले, श्वास धरला आणि पाहू लागला. हे शरीर मेलं. आता ते उचलून मसणात नेतील, जाळतील, राख होईल. पण शरीर गेलं म्हणून मी गेलो का? हे सगळं ज्याला कळतंय तो कोण? पुढे त्यांनी सांगितलं की त्या वेळी हे विचार शब्दांनी जुळवलेले नव्हते, ते लखकन दिसलं. जे दिसलं ते नंतर कधी झाकलं गेलं नाही.

अर्ध्या तासाचाही हा मामला नसेल. पण मी इथे नेहमी थांबतो. मरणाची भीती आली तेव्हा तो तिच्यापासून पळाला नाही आणि तिच्या हातीही सापडला नाही. तिच्याकडे तोंड करून बसला. आमच्याकडे मरणाचा विचार मनात आलेली माणसं कमी नाहीत, ते मी पुढे सांगणारच आहे. त्या विचाराकडे असं थेट बघता येतं, बघणारा त्यात बुडत नाही, हे कोणी आम्हाला शिकवलेलं नाही.

त्यानंतर शाळेत जीव लागेना. २९ ऑगस्टला न केलेल्या अभ्यासाची शिक्षा म्हणून इंग्रजी व्याकरणाचा धडा तीनदा उतरवून काढायचा होता. दोनदा झाला, तिसऱ्यांदा वही बाजूला सारली आणि हा डोळे मिटून बसला. थोरला भाऊ चिडून बोलला की असं वागणाऱ्याला ह्या सगळ्याचा काय उपयोग. मुलगा उठला. अरुणाचल हे तिरुवन्नामलैच्या डोंगराचं नाव काही महिन्यांपूर्वी एका नातेवाइकाच्या तोंडून ऐकलं होतं, ते डोक्यात घर करून होतं. भावाने कॉलेजची फी भरायला पाच रुपये दिले होते. त्यातले तीन त्याने घेतले आणि चिठ्ठी लिहिली. माझ्या पित्याच्या शोधात, त्याच्याच आज्ञेने इथून निघालो आहे. कोणी दुःख करू नये. शोधायला पैसा खर्च करू नये. खाली सही नाही. पण शेवटी एक ओळ आहे : तुझी कॉलेजची फी अजून भरलेली नाही, सोबत दोन रुपये ठेवले आहेत.

ह्या चिठ्ठीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला तिच्यातले ते दोन रुपये फार मोठे वाटतात. देवाच्या शोधात निघालेला पोरगा कोणाचे किती घेतले आणि किती ठेवले हे सांगून जातो. ज्या घरात फीचे पैसे जमवायला बाप तूर विकतो त्या घरात त्या ओळीचं मोल कळतं.

१ सप्टेंबर १८९६ ला तो तिरुवन्नामलैला पोहोचला. पुढची चोपन्न वर्षं त्या डोंगराच्या सावलीतून हलला नाही. उरलेले पैसे तळ्यात फेकले, डोकं भादरलं, मोठ्या देवळाच्या हजार खांबांच्या मंडपाखाली पाताळलिंग नावाचं तळघर आहे, तिथे जाऊन बसला. तिथल्या किड्यांनी मांड्या पोखरल्या, जखमा चिघळल्या, ह्याला भान नाही. शेषाद्री स्वामी नावाच्या साधूने त्याची राखण केली, मग लोकांनी उचलून बाहेर आणला. ह्या दिवसांचं वर्णन मी ओट्यावर भराभर वाचून पुढे जातो. देहाचे हाल हीच साधना असं ऐकणाऱ्यांच्या मनात बसू नये असं मला वाटतं, आणि महर्षींनीही ते कोणाला करायला सांगितलं नाही.

१८९८ मध्ये आई शोधत आली. अळगम्माळ. मळलेला, जटा वाढलेला मुलगा तिने ओळखला आणि घरी चल म्हणून दिवसचे दिवस रडली. तो गप्प. शेवटी कोणीतरी कागद-पेन्सिल पुढे केली तेव्हा त्याने लिहिलं : ज्याचं जसं प्रारब्ध तसं त्याच्याकडून घडवून घेणारा घडवून घेतो. जे व्हायचं नाही ते कितीही केलं तरी होणार नाही, जे व्हायचं आहे ते कितीही अडवलं तरी टळणार नाही. हे नक्की. म्हणून गप्प राहणं उत्तम.

आई परत गेली. त्या गुरुवारी बायका ओट्याच्या पायऱ्यांवर बसून ऐकत होत्या, त्यांच्यात चुळबूळ झाली. मलाही हे पान वाचताना आतून तुटतं. प्रारब्धाचं ते वाक्य आमच्या भागात फार चालतं, आणि बहुतेकदा ज्याच्या हातात काहीच उरलेलं नाही त्याला गप्प बसवायला चालतं. आईच्या रडण्यापुढे ते वाक्य मला आजही जड जातं. त्या दिवशी मी तेवढ्यावरच पुस्तक मिटलं.

आता त्यांची शिकवण. पुढे ते डोंगरावरच्या विरूपाक्ष गुहेत राहू लागले. १९०२ च्या सुमारास महसूल खात्यात नोकरी करणारे शिवप्रकाशम पिळ्ळै तिथे आले आणि पहिलाच प्रश्न विचारला, स्वामी, मी कोण? महर्षी तेव्हा बोलत नसत. उत्तरं खुणांनी दिली, पाटीवर लिहिली, वाळूत बोटाने लिहिली. पिळ्ळै यांनी ती जपून ठेवली आणि १९२३ साली ती ‘नान यार?’, म्हणजे ‘मी कोण?’, म्हणून छापली गेली. पाचपन्नास पानांत मावणारी ती पुस्तिका आहे. सांगितलंय इतकंच : मनात कोणताही विचार उठला की त्याच्या मागे जाऊ नका. हा विचार कोणाला आला असं विचारा. उत्तर येईल, मला. मग हा ‘मी’ कोण? उत्तर शब्दांत शोधायचं नाही. मी ब्रह्म आहे असं घोकायचं नाही, ‘मी कोण’ हा जप म्हणूनही फिरवायचा नाही. ‘मी’ म्हणणारा जिथून उठतो तिथे नजर वळवायची. सगळ्या विचारांत ‘मी’ हाच पहिला, बाकीचे त्याच्या मागून येतात. तो कुठून उठतो हे पाहायला लागलं की बाकीच्यांचा जोर ओसरतो.

ओट्यावर हे सांगताना माझी जीभ अडखळते, कारण ऐकायला ते सोपं आहे आणि करायला बसलं की मन चहूकडे पळतं. मी जे पाहिलं ते एवढंच. हिवाळ्यात हरभऱ्याला ओलित करायचं तर आमच्याकडे लाईट रात्रीची येते. अकराला मोटर चालू करायची, हातात टॉर्च, पायात चिखलाने जड झालेले जोडे, एका सरीतून पाणी शेवटपर्यंत पोहोचलं की फावड्याने दांड फोडून दुसरीत सोडायचं. मधला वेळ काही काम नसतं. लांब कुठे रानडुकरं हाकलायला कोणीतरी डबा वाजवतो. आणि त्याच वेळी दिवसभर दाबून ठेवलेलं सगळं वर येतं. सोसायटीचं कर्ज, पोरीची ॲडमिशन, सोयाबीन कोणत्या भावाने गेलं. छातीत गच्च होतं. अशाच एका रात्री मी बांधावर बसून तो प्रश्न टाकला. ही भीती कोणाला वाटते आहे? मला. हा मी कोण, ज्याला ती वाटते? उत्तर आलं नाही. पण भीतीकडे बघणारा कोणीतरी भीतीच्या अलीकडे बसलेला आहे हे मला स्पष्ट जाणवलं, आणि जितका वेळ ते जाणवलं तितका वेळ छाती मोकळी होती. पाणी सरीबाहेर फुटायला लागलं तेव्हा उठलो. कर्ज तेवढंच होतं. सकाळी बँकेतही मीच गेलो. पण रात्री ज्या माणसाला ते गिळायला निघालं होतं, तो तितकासा लहान नव्हता.

हा प्रश्न दक्षिणेतून आमच्याकडे आयात झालेला नाही. मराठीतला जुना ग्रंथ विवेकसिंधू शके १११० चा. त्याचे कर्ते मुकुंदराज, आणि वैनगंगेच्या काठच्या अंभोऱ्याशी त्यांचं नातं सांगितलं जातं. देह, इंद्रियं, मन एकेक बाजूला सारत ‘मी’ पाहणं तिथेही आहे. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज तर महर्षींहून फक्त दीड वर्षाने लहान. तान्हेपणीच दृष्टी गेलेला हा माणूस स्वतःला ज्ञानेश्वर माउलींची मुलगी म्हणवत असे, आणि १९१५ साली जेमतेम चौतीस वर्षांचा होऊन गेला, तोवर मागे केवढं वाङ्मय ठेवून. एकाच काळात एक तिकडे गुहेत गप्प बसलेला आणि एक इकडे डोळ्यांवाचून ग्रंथ सांगत असलेला. ह्या दोघांची कधी भेट झाली असती तर, असं माझ्या मनात बरेचदा येतं.

महर्षींना आपले मराठी संत ठाऊक होते, नुसते ठाऊक नव्हे, आवडत होते. भक्तविजयातल्या गोष्टी ते भक्तांना सांगत. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवाला कच्चं मडकं ठरवलं, मग विठोबाने त्याला विसोबा खेचरांकडे पाठवलं आणि विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले दिसले, ही कथा तिरुवन्नामलैला त्यांच्या तोंडून लोकांनी ऐकली आहे. मी हे वाचलं तेव्हा ओट्यावर एकदम आनंद झाला. आपला गोरा कुंभार तिथवर पोहोचला! आमच्या वारकरी मंडळींना ‘मी कोण’पेक्षा महर्षींची दुसरी वाट जवळची वाटते, तीही सांगतो. ते म्हणत, दोनच उपाय आहेत : एक तर मी कोण ते शोधा, नाही तर स्वतःला पुरतं ईश्वराच्या हवाली करा. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात.

संसार सोडावा का असं कितीतरी लोक त्यांना विचारत. ते सोडू देत नसत. मी गृहस्थ आहे हा विचार जसा आता छळतो तसा मी संन्यासी आहे हा विचार तिकडे छळेल, मन तेच राहणार, असं त्यांचं सांगणं. आणि स्वतः? पहाटे तीन-चारला उठून आश्रमाच्या स्वयंपाकघरात भाजी चिरायला, चटणी वाटायला बसत. जमिनीवर सांडलेले तांदळाचे दाणे एकेक करून वेचत. पंगतीत सगळ्यांना जे वाढलं जाईल तेच त्यांच्या पानात. खास त्यांच्यासाठी म्हणून काही आणलं तर ते आधी सगळ्यांना वाटायला लावत. एकदा डोंगरावर काट्याची फांदी घेऊन कित्येक तास बसले, काटे तासले, गाठी घासल्या, पानाने घोटून गुळगुळीत काठी केली. पाहणारे थक्क. एवढ्यात एक गुराखी पोरगा काठी हरवली म्हणून रडवेला होऊन जाताना दिसला. ती काठी त्यांनी त्याला देऊन टाकली.

आमच्या वर्ध्याचा धागाही तिथे पोहोचलेला आहे. ऑगस्ट १९३८ मध्ये राजेंद्रप्रसाद आणि सेठ जमनालाल बजाज आश्रमात जाऊन राहिले. गांधीजी सेवाग्रामला येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. जमनालालजी म्हणजे १९२८ साली वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर हरिजनांना खुलं करणारे, व्यवहारात मुरलेले, जेल भोगलेले. त्यांनी विचारलं ते असं : मन नीट मार्गावर कसं ठेवावं? स्वराज्याची इच्छा धरणं योग्य आहे का? महर्षींनी ती इच्छा खोटी ठरवली नाही. सुरुवात स्वार्थाने होत असेल, पण काम करता करता माणूस रुंदावतो आणि देशात विरून जातो, असं विरणं चांगलं, असं ते म्हणाले. एवढ्या त्यागानंतर स्वराज्य मिळालं तर आनंद मानू नये का, असंही विचारून झालं. त्यावर त्यांनी उलट विचारलं की काम करताना स्वतःला त्या थोर शक्तीच्या हवाली केलं असेल तर मग फुशारणार कोण? निघताना राजेंद्रबाबूंनी गांधीजींसाठी निरोप मागितला. अध्यात्मशक्ती त्यांच्या आत काम करते आहे आणि त्यांना चालवते आहे, तेवढं पुरे, एवढंच उत्तर मिळालं. जमनालालजी पुढे १९४२ च्या फेब्रुवारीत वर्ध्यालाच गेले. अखेरच्या दिवसांत त्यांनी गोपुरीला गोसेवेचं काम धरलं होतं. त्या प्रश्नांचं ओझं घेऊन ते परतीच्या गाडीत बसले असतील, तेव्हा कोणत्या स्टेशनावर काय मनात आलं असेल, ह्याची मला फार ओढ वाटते.

मीही एकदा तिकडे जाऊन आलो. मद्रासकडच्या गाड्या सेवाग्राम-बल्लारशावरूनच जातात, पुढे बस. डोंगर काळ्या-तांबूस दगडाचा, उन्हाने तापलेला, आमच्या झुडपी टेकड्यांपेक्षा कितीतरी उघडा. विरूपाक्ष गुहेत घामाने सदरा भिजला. जुन्या हॉलमध्ये त्यांचा कोच आहे, समोर फरशीवर माणसं डोळे मिटून बसतात, बाहेर मोर ओरडतात. दुपारी जेवायला खाली बसवलं आणि पुढे पानांची पत्रावळ आली. ती पाहून मी हात लावायचा थांबलो, कारण पत्रावळीची एक गोष्ट मला ठाऊक होती.

आमच्याकडे पत्रावळ पळसाची. फुलं गळून गेली की वैशाखात नवी पानं येतात, हाताच्या पंज्यापेक्षा मोठी, वरून तुकतुकीत आणि खालून थोडी लवदार. लग्नघरी आठवडाभर आधी बायका गोल करून बसायच्या. मधे एक मोठं पान, भोवती एकावर एक चढवत बाकीची, आणि बारीक काडी टोचून ती पानाच्या आतूनच दुमडून घ्यायची, म्हणजे जेवताना बोटाला लागत नाही. माझी आजी काडी मोडताना आवाजही येऊ द्यायची नाही. तयार पत्रावळींच्या थप्पीवर पाणी शिंपडून वर पाटा ठेवायचा, की त्या सपाट बसतात. आता थर्माकोलच्या ताटल्यांनी ते काम संपवलं.

तर गोष्ट अशी. महर्षी आश्रमाच्या जेवणासाठी पत्रावळी शिवत बसले होते. संसाराच्या त्रासाने पिचलेला एक माणूस आला. जीव द्यायचं त्याने ठरवलं होतं आणि ते विचारायलाच तो आला होता. महर्षी शिवता शिवता बोलले. पानं गोळा करायची, निवडायची, एकेक जोडून शिवायची, किती निगुतीने हे करावं लागतं. जेवण झालं की पत्रावळ टाकायचीच असते. पण तिच्यावर कोणी जेवायच्या आधीच ती फेकून दिली तर?

माणूस परत गेला.

हे वाचलं त्या गुरुवारी ओट्यावर कोणी बोललं नाही. कापसाच्या ह्या पट्ट्यात असं गाव शोधावं लागेल जिथून असा माणूस गेला नाही. आमच्याही गावातून गेले. त्यांच्यापैकी एकाच्या घरच्या वहिनी पायरीवर बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “ज्याले सांगाले पायजे होतं, त्याले कोणी सांगतलं नाही.”

ह्यावर मी काय बोलणार होतो? पण त्या रात्रीपासून एक गोष्ट मला पक्की वाटते आणि ती मी इथे जोर देऊन लिहितो. कापसाचा भाव, पीकविमा, सावकाराचं व्याज, गुलाबी बोंडअळी, ह्या सगळ्यांचा हिशेब सरकारकडे आणि बाजाराकडे मागितलाच पाहिजे. आत्मविचार त्या हिशेबाची जागा घेऊ शकत नाही, आणि शेतकऱ्याने अध्यात्म धरावं म्हणजे झालं असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. पण कर्ज आणि मरण ह्यांच्या मधे एक विचार उभा असतो : मी संपलो. गावात तोंड दाखवायला मी उरलो नाही. कर्जाचा आकडा सातबाऱ्यावर असतो. ‘मी’ म्हणजे तो आकडाच, हे मात्र मनात लिहिलेलं असतं. महर्षींचा प्रश्न नेमका त्या जागी बोट ठेवतो. संपलो म्हणणारा हा कोण? नापास, कर्जबाजारी, वांझ, विधवा, अशी नावं गाव एकेकाला देतं आणि माणूस मुकाट्याने त्यांत राहायला जातो. त्या नावांच्या आधीपासून जो आहे त्याला एकदा तरी हाक मारावी, हा प्रश्न सवड असलेल्या सुखवस्तू लोकांचा चाळा नव्हे. ज्याच्याजवळ नावाशिवाय काही उरलेलं नाही, त्याला तो सगळ्यांत जास्त लागतो. आणि तो एकट्याने अंधारात विचारायचा प्रश्नही नाही. पत्रावळीवाल्या माणसाने तो कोणाजवळ तरी येऊन बोलून दाखवला होता. कोणी आपल्या ओट्यावर येऊन असं बोललं तर हातातलं काम न टाकता, पण सगळं लक्ष देऊन ऐकणारा माणूस तिथे असायला हवा. आम्ही गुरुवारी थांबतो ते आता त्यासाठीही थांबतो.

त्याच वहिनींनी पुढच्या खेपेला मला अडवलं. “त्याच्या मायचं काय झालं मंग? ते तर रडत गेली व्हती नं?”

मी पुस्तक उघडून तो भाग काढला. १९१६ साली अळगम्माळ कायमच्या राहायला आल्या. मुलगा घरी आला नाही, म्हणून आई डोंगरावर गेली. धाकटा मुलगाही मागून आला आणि पुढे आश्रमाचा कारभार त्यानेच सांभाळला. सुरुवातीला काहींना बाईमाणसाने तिथे राहणं नको होतं. महर्षी आईचा हात धरून स्वतःच निघायला उठले, तेव्हा सगळे गप्प झाले. वर गुहेपेक्षा जरा मोकळी जागा होती, झऱ्याचं पाणी होतं, तिथे सगळे राहू लागले. १९ मे १९२२ ला ती गेली. त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत तो तिच्याजवळून हलला नाही. उजवा हात तिच्या छातीवर, डावा डोक्यावर. सगळं झाल्यावर म्हणाला, चला, आता जेवू या, इथे सुतक नाही. तिला डोंगराच्या पायथ्याशी समाधी दिली. तो रोज वरून खाली तिच्या समाधीकडे यायचा, आणि काही महिन्यांनी एक दिवस खालीच राहिला. आज जो आश्रम आहे तो त्या आईच्या समाधीभोवती उभा राहिलेला आहे.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. प्रारब्धाच्या त्या चिठ्ठीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना वेगळंच हवं होतं. “तिनं सयपाक केला, तो त्यानं खाल्ला का?”

खाल्ला. तिच्या आधी त्या डोंगरावर चूलच नव्हती, मागून आणलेल्या भिक्षेवर सगळ्यांचं चालायचं. स्वयंपाक तिनेच सुरू केला.

“मंग बरं झालं,” वहिनी म्हणाल्या, आणि काकांकडे वळून सांगितलं की पुढच्या गुरुवारी त्या लक्ष्मी गाईचं वाचायचं, आश्रमातल्या. काकांना गाई-ढोरांचं जास्त कळतं, तर त्यांनी जरा वेळेवर यावं.